झारच्या महालातून घराच्या पडवीत : लहान लेथच्या निवडीचा इतिहास

🧵 १/
रशियाचा झार पीटर द ग्रेट (१६७२–१७२५) याला राज्यकारभाराखेरीज आणखी एक नाद होता : लेथवर लाकूड आणि हस्तिदंत कातण्याचा. आंद्रेई नार्तोव या कुशल यंत्रकाराने त्याच्या दरबारासाठी घडविलेले लेथ आजही सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात पाहावयास मिळतात. झारला लेथ निवडावा लागत नसे. तो त्याच्यासाठी घडविला जाई. ‘घरच्या कार्यशाळेसाठी कोणता लेथ घ्यावा?’ हा प्रश्न सामान्य माणसाला पडण्यासाठी आणखी पावणेदोनशे वर्षे जावी लागली. त्या प्रश्नाचा हा इतिहास.

२/
लेथचे तत्त्व सोपे आहे. जॉब स्वतःभोवती फिरतो आणि हत्यार त्याला कातत जाते. गावोगावचे कातारी हेच करीत आले. मात्र हत्यार हातात धरलेले असे, म्हणून अचूकता कारागिराच्या मनगटात राही. तो गेला की तीही जाई. लाकडाला हे चालून जाते. पोलादाच्या दोन सारख्या स्क्रूंना मात्र चालत नाही.

३/
हे चित्र पालटण्यात मोठा वाटा हेन्री मॉडस्ले (१७७१–१८३१) या इंग्रज कारागिराचा. कुलुपांसाठी प्रसिद्ध असलेल्या जोसेफ ब्रामाकडे तो काम करी. आठवड्याला ३० शिलिंग मिळणाऱ्या या माणसाने पगारवाढ मागितली. ती नाकारली गेली. १७९७ मध्ये त्याने लंडनमध्ये स्वतःची कार्यशाळा थाटली आणि त्याच सुमारास आटे पाडणारा लेथ सिद्ध केला. हत्यार घट्ट पकडून सरकविणारी स्लाइड रेस्ट, तिला ठरावीक गतीने ओढणारा लीडस्क्रू आणि बदलता येणारे गिअर हे तिन्ही त्याने धातूच्या भक्कम सांगाड्यावर एकत्र आणले. यांपैकी सुटे भाग त्याच्या आधीही ठाऊक होते. त्यांचा कामाचा मेळ हे त्याचे श्रेय. अचूकता मनगटातून यंत्रात उतरली.

४/
परंतु ती घरात शिरली ती प्रथम श्रीमंतांच्याच. स्ट्रासबुर्गहून लंडनला आलेल्या हॉल्टझाप्फेल घराण्याचे लेथ एकोणिसाव्या शतकात उमरावांच्या छंदाचे साधन होते. पायाने चालविल्या जाणाऱ्या त्या यंत्रांवर हस्तिदंताच्या आणि कठीण लाकडाच्या नक्षीदार वस्तू घडत. यंत्र उत्कृष्ट होते, पण ते परवडणारे थोडेच.

५/
१८९८ मध्ये लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले. संध्याकाळी घरी बसून वाफेची छोटी इंजिने घडविणारा नवा वाचक त्यातून पुढे आला. आता लेथ खिशाला परवडायला हवा होता. सरे परगण्यातील ड्रमंड बंधूंनी त्याला दिलेले एक उत्तर म्हणजे गोल बेडचा लेथ. सपाट बेड रंधून, घासून अचूक करणे खर्चाचे. गोल दंड मात्र लेथवरच कातता येतो. म्हणून यंत्र स्वस्त झाले. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागे : गोल दंडावरील कॅरेज फिरण्याचा प्रयत्न करी आणि जड काप घेताना हत्यार थरथरे.

६/
लहान लेथच्या निवडीतील मूळ पेच तो हाच. घराला हलके यंत्र हवे असते, अचूकतेला जड. बीडाचे वजन कंप गिळून टाकते. बेड रुंद व ताठ असेल तर हत्यार मागे दबत नाही. बाक सपाट नसताना बोल्ट आवळले, तर चांगला बेडही किंचित पिळला जातो आणि सरळ कातलेला जॉब निमुळता निघतो.

७/
१९३४ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन येथे सेसिल मूर यांनी मायफर्ड कंपनी स्थापन केली. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये तिचा ‘एमएल ७’ आला. सेंटरची उंची साडेतीन इंच, दोन सेंटरांमधील अंतर २० इंच. सपाट बेड, विजेच्या मोटरीची सोय, आटे पाडण्यासाठी व मोठ्या ओतकामासाठी संथ गती देणारा बॅक गिअर. हेडस्टॉकजवळ बेडला खाच ठेवलेली, म्हणून तेथे १० इंच व्यासाचे चाकही फिरे. छोट्या रेल्वे इंजिनांची चाके कातणाऱ्या छांदिष्टाला आणखी काय हवे? ब्रिटिश घरगुती कार्यशाळेत पुढील कित्येक दशके हाच लेथ मापदंड ठरला.

८/
येथे एक मापाचा गोंधळ ध्यानी घ्यावा. ब्रिटिश लेथ सेंटरच्या उंचीवरून ओळखला जाई, अमेरिकन लेथ फिरू शकणाऱ्या व्यासावरून. म्हणजे ब्रिटिश साडेतीन इंची लेथ अमेरिकेत सात इंची ठरतो. दुसरा पेच आट्यांचा. ‘एमएल ७’च्या लीडस्क्रूला इंचाला आठ आटे. त्यावर मिलिमीटरचे अचूक आटे पाडायचे तर १२७ दातांचा गिअर लागतो, कारण ५ इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. दोन मोजपद्धतींचे भांडण असे एका चाकावर येऊन मिटते.

९/
मायफर्डचा बीस्टन येथील कारखाना २०११ मध्ये बंद झाला. बाजारात आता चिनी बनावटीचे छोटे लेथ आहेत : स्वस्त, नवे, वजनाने हलके. त्यामुळे निवड पुन्हा जुन्याच वळणावर येते : नवे हलके यंत्र, की वापरलेले जड? जुना लेथ घेताना जाणकार रंगाकडे पाहत नाही. कॅरेज चकजवळ सरकवून ती सैल लागते का हे तो पाहतो. मग टेलस्टॉकच्या टोकाकडे नेऊन ती आवळते का हे पाहतो. बहुतेक काम चकजवळ होते, म्हणून बेड तेथेच झिजतो. यंत्राने किती काम केले, ते यंत्रच सांगते.

१०/
झारच्या महालातील छंद आज पडवीतल्या बाकावर मावतो, हे या इतिहासाचे फलित. मात्र अचूकता स्वस्त झाली, फुकट झाली नाही. ड्रमंडच्या ग्राहकाने ती थरथरीतून मोजली, आजचा ग्राहक वजनातून वा झिजेतून मोजतो. कोणत्या कामासाठी किती अचूकता हवी, हे ज्याने आधी ठरविले, त्याची निवड सहसा चुकत नाही.

(समाप्त)