सौदा कुणाचा, किंमत कुणाची?

सध्या वीकएंडला 'बर्सर्क' ही जपानी चित्रकथा (मांगा हो!) वाचतोय. केंतारो मिउरा यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली. २०२१ मध्ये ते गेले. आता त्यांचा मित्र ती पुढे नेतोय.

त्यात ग्रिफिथ नावाचा सेनापती आहे. गल्लीत वाढलेलं पोर, डोळ्यांत किल्ल्याचं स्वप्न. पुढे वर्षभराच्या छळाने तो पांगळा होतो, आणि नेमक्या त्या वेळी पलीकडच्या शक्ती सौदा मांडतात : सामर्थ्य हवंय? मग आपली माणसं दे. तो आपले सगळे सोबती देऊन टाकतो.

वाचताना मला आमचं चोपडा आठवलं. सातपुड्याच्या पायथ्याला गुप्तधनाच्या गोष्टींना काय तोटा? हंड्यावरचा नाग, जमिनीतलं धन दिसणारा पायाळू माणूस, आणि बळी मागणारी राखण. लहानपणी मजा वाटायची.

पण परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते १९७४ दरम्यान लहान मुली आणि बायकांचे एकामागून एक खून पडले. खटल्यात मांडलं गेलेलं कारण : पिंपळावरच्या मुंज्याला रक्त दिलं की गुप्तधन मिळेल.

म्हणजे बघा, सौदा करणारा एक आणि फेडणारा भलताच! ग्रिफिथचं दुःख खरं, मान्य. पण त्याच्या सोबत्यांची सही कुठे होती? मानवतच्या त्या पोरींची?

असले प्रकार थांबवणारा कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकर कित्येक वर्षं मागत होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. चारच दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला.

कायदा आपल्याला मिळाला. किंमत इथेही दुसऱ्यानेच मोजली.