डोळ्यांचा क्रम, जिभेचा क्रम

संगणकाच्या स्मृतीत डावी-उजवी बाजू नसते. तिथे एकापुढे एक घरे असतात आणि प्रत्येक घरात एक आकडा. पहिल्या घरातले अक्षर पडद्याच्या डाव्या टोकाला काढायचे, दुसरे त्याच्या उजवीकडे, हा काही निसर्गनियम नव्हे. ती इंग्रजी लिहिणाऱ्यांची सोय होती. पण ती यंत्रात इतकी खोलवर रुजली की अरबी, हिब्रू, फारसी, उर्दू लिहिणाऱ्यांना कित्येक वर्षे तिच्याशी झगडावे लागले.

या झगड्याच्या मुळाशी मला एक साधा प्रश्न दिसतो. मजकूर साठवताना डोळ्यांना दिसतो तो क्रम जपायचा, की जीभ उच्चारते तो? या लेखात मला एवढेच दाखवायचे आहे की, या प्रश्नाला उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांनी तोंड फोडले आणि त्याच्या उत्तराचा लाभ मराठीलाही झाला.

अडचण नेमकी कोणती?

केवळ दिशा उलटवून काम भागले असते, तर पडद्याची आरशातली प्रतिमा पुरली असती. पण अरबी मजकुरात शब्द उजवीकडून डावीकडे जातात आणि संख्या मात्र आपल्यासारख्याच डावीकडून उजवीकडे लिहिल्या जातात. मध्येच एखादे इंग्रजी नाव आले, तर तेही डावीकडून. म्हणजे एकाच ओळीत नजरेला दोनदा-तीनदा वळण घ्यावे लागते.

टंकन करताना याचा अर्थ काय होतो? समजा अरबी वाक्यात १९८४ हे साल लिहायचे आहे. 'एक' हा अंक मजकुराच्या डाव्या टोकाला उमटतो. आता 'नऊ' त्याच्या उजवीकडे, म्हणजे आधीचा शब्द आणि 'एक' यांच्या मध्ये बसायला हवा. त्यासाठी 'एक'ला डावीकडे ढकलावे लागते. म्हणून जुन्या यंत्रांत संख्या लिहिताना कर्सर जागच्या जागी थांबे आणि अंक एकेक करून डावीकडे सरकत. संख्या संपली की लिहिणाऱ्याने पुन्हा मूळ चालीवर यायचे.

अरबीची दुसरी अडचण अक्षरांच्या आकाराची. तिच्या अठ्ठावीस अक्षरांपैकी बहुतेक अक्षरे शेजाऱ्याला जोडून लिहिली जातात. 'ऐन' हे अक्षर सुटे, शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि अखेरीस अशा चार रूपांत दिसते, आणि ही रूपे एकमेकांपासून बरीच वेगळी आहेत. सहा अक्षरे मागच्याला हात देतात, पण पुढच्याला देत नाहीत. 'लाम'नंतर 'अलिफ' आला, तर दोघांचे मिळून एक जोडरूप करावेच लागते. छापखान्यातला जुळारी हे सारे हाताने सांभाळत असे. पडद्यावर ८० रकाने आणि २५ ओळी, प्रत्येक चौकट सारख्याच रुंदीची आणि एकूण आकार २५६, एवढ्याच भांडवलावर चालणाऱ्या डॉसच्या यंत्राला ते सांभाळणे कठीण होते.

एका 'अलेफ'चे तीन क्रमांक

हिब्रूत अक्षरे जोडली जात नाहीत, त्यामुळे तिचा मार्ग तुलनेने सोपा होता. बावीस अक्षरे आणि त्यांतल्या पाचांची शब्दाच्या अखेरीस येणारी वेगळी रूपे, असे सत्तावीस आकार. जुन्या सात बिटांच्या इस्रायली संकेतात ते इंग्रजीच्या लहान लिपीच्या जागी, ९६ ते १२२ या घरांत बसवले होते. त्याची किंमत म्हणजे हिब्रूबरोबर इंग्रजी लिहायची, तर ती फक्त मोठ्या लिपीत. पुढे डॉसच्या ८६२ क्रमांकाच्या कोडपेजात हीच अक्षरे १२८पासून सुरू झाली आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणकात, म्हणजे आयएसओ ८८५९-८मध्ये, २२४पासून. एकाच 'अलेफ'ला तीन यंत्रांत ९६, १२८ आणि २२४ असे तीन क्रमांक मिळाले. एका यंत्राची फाइल दुसऱ्यावर उघडली की चिन्हांचा नुसता कचरा दिसे.

क्रमांकांचा हा गोंधळ तक्त्याने सोडवता येतो. क्रमाचा गोंधळ अधिक चिवट निघाला. 'शालोम' हा शब्द शीन, लामेद, वाव, मेम असा उच्चारला आणि लिहिला जातो. परंतु डावीकडूनच अक्षरे काढणाऱ्या यंत्रावर तो बरोबर दिसावा, म्हणून स्मृतीत मेम, वाव, लामेद, शीन असा उलटा भरला जाई. यालाच 'दृश्य क्रम' म्हणतात. १९९०च्या दशकात इंटरनेटवरची हिब्रू पाने सर्रास अशीच साठवली जात, कारण त्या वेळच्या सामान्य ब्राउझरला दिशा ठाऊकच नव्हती.

पडद्यावर पान नीट दिसे, हे खरे. पण खिडकी थोडी अरुंद केली की यंत्र ओळ मोडून उजवीकडचा भाग खाली टाकी. तो भाग म्हणजे वाक्याची सुरुवात! वाक्याचा शेवट वर आणि आरंभ खाली. म्हणून लेखक प्रत्येक ओळ स्वतःच तोडून ठेवत. शब्द शोधायचा, तर तोही उलटा लिहून शोधावा लागे. डिसेंबर १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंटरनेट टिपणाने दोन्ही पद्धतींना वेगळी नावे दिली. नुसते '८८५९-८' म्हणजे दृश्य क्रम, आणि पुढे 'आय' जोडलेले म्हणजे वाचनाचा क्रम.

अशी लेबले नसलेली जुनी फाइल समोर आली, तर तिचा क्रम ओळखण्याची युक्ती मला फार आवडते. हिब्रूचे अंत्य मेम शब्दाच्या शेवटीच येते. स्मृतीत ते शब्दांच्या आरंभी सापडू लागले, तर फाइल उलटी भरलेली आहे हे नक्की. काही ब्राउझरांनी हीच युक्ती वापरली. लेखनिकांनी शतकानुशतके पाळलेला नियम अशा रीतीने संगणकाच्या उपयोगी पडला.

अक्षर की आकार?

अरबीत हाच पेच आकारांच्या रूपाने आला. आयबीएमच्या ८६४ क्रमांकाच्या कोडपेजात अक्षरांऐवजी त्यांच्या वेगवेगळ्या रूपांना क्रमांक दिले होते. त्यामुळे गरीब पडद्यालाही अरबी दाखवता येई. पण शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने आरंभीचे 'ऐन' आणि अखेरचे 'ऐन' ही दोन वेगळी अक्षरे ठरत. याउलट अरब प्रमाणीकरण संघटनेच्या, म्हणजे 'अस्मो'च्या, ७०८ या प्रमाणकात एका अक्षराला एकच क्रमांक होता. कुठे कोणते रूप काढायचे ते यंत्राने शेजारची अक्षरे पाहून ठरवायचे. १९८७मध्ये हेच आयएसओ ८८५९-६ झाले.

अरब जगही हातावर हात ठेवून बसले नव्हते. कुवेतमधल्या अल-आलमिया कंपनीने जपानी एमएसएक्स यंत्रांना अरबी शिकवली आणि 'सख्र', म्हणजे खडक, या नावाने ती विकली. मोहम्मद अल-शारिख यांच्या या उद्योगामुळे अनेक अरब घरांतली मुले पहिल्यांदा संगणकासमोर बसली ती आपल्याच लिपीतल्या कळफलकावर.

तात्त्विक उत्तर मात्र झेरॉक्समध्ये काम करणाऱ्या जोसेफ बेकर यांनी सर्वांत स्पष्ट मांडले. 'सायंटिफिक अमेरिकन'च्या जुलै १९८४च्या अंकातल्या लेखात त्यांनी साठवण आणि चित्रण ही दोन कामे वेगळी केली. स्मृतीत अक्षरे वाचनाच्या क्रमाने राहावीत. दिशा, वळणे, जोडरूपे ही जबाबदारी पडद्यावर काढणाऱ्या प्रणालीची. अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशसाठी अरबी आणि हिब्रू प्रणाली लिहिणाऱ्या मार्क डेव्हिस यांनी हे तत्त्व व्यवहारात आणले. त्या मॅकवर इंग्रजी आणि अरबी जिथे भेटत, तिथे कर्सरचे दोन तुकडे होत. स्मृतीतल्या एका जागेला पडद्यावर दोन जागा असू शकतात, याची ती प्रामाणिक कबुलीच होती. पुढे हेच बेकर आणि डेव्हिस युनिकोडच्या संस्थापकांत होते. १९९१च्या युनिकोडने वाचनाचा क्रम स्वीकारला, आणि ओळीतली वळणे ठरवणारी त्याची नियमावली डेव्हिस यांच्याच नावाशी जोडलेली आहे.

एकाच चौकटीत

मराठी डावीकडून उजवीकडे जाते, तरी हाच पेच तिच्या पोटात आहे. 'शि' उच्चारताना आधी श आणि मग इकार. डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसते. टंकलेखन यंत्रावर ती आधीच मारावी लागे. आपल्या अनेक जुन्या फाँटांनीही वेलांटी आधी साठवली. त्या फाइलींत 'शिवाजी' शोधू पाहणाऱ्याची गत दृश्य क्रमातल्या हिब्रू वाचकासारखीच होते. १९९१च्या 'इस्की' या भारतीय प्रमाणकाने आणि पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट प्रणालीने उच्चाराचा क्रम धरला. पण छपाईच्या जगात फाँटांचे राज्य दीर्घकाळ टिकले.

विंडोज एक्सपी वापरलेल्या वाचकांना एक चौकट आठवत असेल. गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या भाषा यांसाठी तिथे खूण करावी लागे, मग यंत्र सीडी मागे. ती खूण केल्यावाचून मराठी वेलांट्या भलत्याच जागी पडत. अरबी, हिब्रू, थाई आणि देवनागरी या एकाच चौकटीत होत्या, कारण त्या साऱ्यांना साठवण आणि चित्रण वेगळे करणारे तेच यंत्रांग लागत होते. त्याआधी विंडोजच्या अरबी आणि हिब्रू आवृत्त्या वेगळ्या विकत घ्याव्या लागत.

काम अजून पुरे झालेले नाही. ओळीतल्या परक्या दिशेच्या तुकड्याला शेजाऱ्यांपासून अलग ठेवणारी चिन्हे युनिकोडमध्ये २०१३मध्ये आली. जुन्या कोडपेजांतल्या अरबी रूपांना त्यात आजही राखीव जागा आहे, कारण त्या काळच्या फाइली टाकून देता येत नाहीत. उर्दूच्या जुन्या इनपेजमधला आणि मराठीच्या जुन्या फाँटांतला मजकूरही रूपांतर केल्यावाचून शोधता येत नाही. कागदावरचा जुना अंक तीस वर्षांनी उघडला, तर तो वाचता येतो. त्याच अंकाची फाइल मात्र, अक्षरे कोणत्या क्रमाने भरली होती हे सांगणारा कुणी उरला नाही, तर हाताशी असूनही मुकी राहील. ते सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत. त्यांच्याकडून ही माहिती लिहून घेण्याचे काम आपल्या ग्रंथालयांनी आणि प्रकाशकांनी आत्ताच करायला हवे.