निर्णय शेतकऱ्याचा : शेतकरी संघटनेची वाटचाल, राजूरहून पाहताना

अमेरिकेत १९७१ साली लिबर्टेरियन पार्टी स्थापन झाली. सरकार लहान असावे, माणसाच्या कमाईत आणि निर्णयात त्याने हात घालू नये, हा तिचा आग्रह. २०१६ मध्ये गॅरी जॉन्सन यांना पडलेली सव्वातीन टक्के मते हा अध्यक्षीय निवडणुकीतला तिचा उच्चांक. सत्ता तिच्या वाट्याला आली नाही, पण कर, बंदूक, शाळा यांवरच्या तिथल्या प्रत्येक वादात हा विचार ऐकू येतो. महाराष्ट्रात त्याच जातीचा विचार कांद्याच्या भावातून उभा राहिला.

शरद जोशी स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेतली नोकरी सोडून परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. घाम गाळूनही हिशेब जमेना, तेव्हा त्यांनी कारण शोधले. पीक चांगले आले की निर्यातबंदी, भाव चढला की लेव्ही, माल हलवायचा तर जिल्हाबंदी. शेतकऱ्याचे दारिद्र्य हे धोरणाचे फळ आहे, हे त्यांचे निदान. १९७८ आणि १९८० ची चाकणची कांदा आंदोलने आणि त्यांची शेतकरी संघटना त्यातून उभी राहिली. जानेवारी १९८० मध्ये भामनेर खोऱ्यातल्या लोकांनी तिथल्या वांद्रे गावापासून चाकणपर्यंत ६४ किलोमीटर पायी मोर्चा काढला, तो पक्क्या रस्त्यासाठी. रस्ता सरकारने करावा आणि भाव पाडू नये, ही सरकारच्या कामाची वाटणी तेव्हाच पक्की झाली होती.

१९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याचे आंदोलन पेटले, १९८१ मध्ये निपाणीत तंबाखूचे. निपाणीच्या गोळीबारात बारा शेतकरी गेले. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा त्या रक्ताने गावोगाव पोहोचली. संघटनेचा लाल बिल्ला छातीवर लावणारा माणूस अनुदान मागत नव्हता. लुटू नका, एवढेच सांगत होता.

नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले आणि वाटचालीला खोली आली. घामाचा दाम मागणाऱ्याने घरातल्या बाईच्या घामाचा हिशेब कधी केला, हा प्रश्न तिथे उभा राहिला. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी स्वखुशीने बायकोच्या नावावर जमीन केली. शंभर घरांनी असे केले की ते लक्ष्मीमुक्ती गाव. कायद्याची सक्ती नसताना सातबाऱ्यावर बाईचे नाव चढले. स्वातंत्र्यवादी विचाराने आपल्या मातीत केलेले हे सर्वांत मोठे काम, असे मी मानतो.

१९९० नंतर संघटनेने खुल्या अर्थव्यवस्थेची आणि जागतिक व्यापार करारासाठीच्या डंकेल प्रस्तावाची बाजू घेतली. १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष निघाला. त्यामागे राजाजींच्या १९५९ च्या स्वतंत्र पक्षाचा वारसा होता. मतपेटीत यश तुटपुंजे आले. २००४ मध्ये संघटनेतल्या राजू शेट्टींनी वेगळी चूल मांडली. त्याच वर्षी जोशी राज्यसभेत गेले. मार्च २०१० मध्ये महिला आरक्षण विधेयकावर १८६ मते बाजूने पडली आणि विरोधातले एकमेव मत जोशींचे होते. चांदवडच्या नेत्याने असे करावे, याने अनेक जण दुखावले. आळीपाळीने मतदारसंघ राखून ठेवण्याची पद्धत त्यांना अमान्य होती, आणि एकटे पडूनही त्यांनी ते सभागृहात नोंदवले. डिसेंबर २०१५ मध्ये ते गेले.

त्यांच्यामागे धुरा वाहणाऱ्यांत राजूरच्याच जिल्ह्यातले, श्रीगोंद्याचे अनिल घनवट आहेत. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला बंदी असलेले जनुकीय बदल केलेले कापूस बियाणे उघडपणे पेरून संघटनेने सविनय कायदेभंग केला. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या तीन कृषी कायद्यांवर नेमलेल्या समितीत घनवट होते. कायदे मागे घेतले गेले; समितीचा अहवाल घनवटांनी मार्च २०२२ मध्ये स्वतः लोकांसमोर ठेवला.

हा विचार अकोले तालुक्यातल्या राजूरच्या डोंगरात आणला की त्याची खरी परीक्षा होते. सावकारांविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे इथलेच, देवगावचे. २ मे १८४८ रोजी ठाण्यात त्यांना फाशी दिली. हा इतिहास ज्या आदिवासींच्या अंगावरून गेला, त्यांची जमीन बिगर-आदिवासीच्या हाती सहज जाऊ नये म्हणून महसूल संहितेत कलम ३६ आणि ३६अ आहे. बाजार खुला करा म्हणणाऱ्याने हे कुंपण उपटू नये, असे माझे ठाम मत आहे. पण राज्यानेही इथे कमी अडवणूक केलेली नाही. १९७६ च्या कायद्याने आदिवासींच्या मालाची एकाधिकार खरेदी आली. कापसातला एकाधिकार संघटनेला टोचला, त्याच जातीचा हा बंदोबस्त. हिरड्यासारख्या वनोपजाची मालकी मान्य व्हायला स्वातंत्र्यानंतर अनेक दशके जावी लागली; २००६ च्या वनहक्क कायद्यानेही ती मान्य केली.

अकोले तालुक्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण जपले आणि त्यांना पद्मश्री मिळाली. अकोली जहागीरचे बियाणे प्रयोगशाळेतले, राहीबाईंचे आजीच्या गाडग्यातले. दोन्हींची बाजू घेणारे लोक एकमेकांशी भांडतात. तरी काय पेरायचे हे पेरणाऱ्याने ठरवावे, हा हक्क दोघांचाही आहे.

म्हणून संघटनेच्या पुढच्या पाइकांकडे राजूरकरांचे मागणे स्पष्ट आहे. हिरडा आणि भात कुणाला, कोणत्या भावाने विकायचा, हे ग्रामसभेला आणि शेतकऱ्याला ठरवू द्या. जमिनीचे संरक्षण राखा, आणि त्याच कुंपणाच्या आत लक्ष्मीमुक्ती करा. घरातल्या घरात बाईचे नाव लावायला ते कलम आड येत नाही. चांदवडला सुरू झालेले काम आदिवासी पट्ट्यात पोहोचले, तरच ही वाटचाल पुढे गेली असे म्हणता येईल.