‘गोपनीय’ म्हणजे नेमकं कोणापासून?

गोरेगाव म्हटलं की आधी मुंबईचं आठवतं. हे गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. इथल्या मुलानं पदवी घेतली तर त्याची नोंद कुठे राहते? निजामाच्या राज्यात ती हैदराबादला, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात राहायची. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झालं आणि नोंदी औरंगाबादला गेल्या. १९९४ पासून हे काम नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे आहे. म्हणजे आपलाच कागद बघायचा तर एस.टी.चा प्रवास ठरलेला. निकाल मात्र कॉलेजच्या फळ्यावर लागायचा, पेपरात नंबर छापून यायचे आणि संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा!

विद्यार्थ्याच्या नोंदींची गोपनीयता म्हणतात तिला दोन बाजू आहेत. माझी नोंद मला बघता आली पाहिजे, ही एक. माझ्या संमतीशिवाय ती दुसऱ्याला दाखवू नये, ही दुसरी. अमेरिकेनं १९७४ साली या दोन्ही बाजू एकाच कायद्यात आणल्या. विद्यार्थी १८ वर्षांचा झाला किंवा कॉलेजात गेला की हे हक्क पालकांकडून त्याच्याकडे येतात, असंही त्यात लिहिलं.

आपल्याकडे काय झालं बघा. महाराष्ट्राच्या दहावी-बारावीच्या मंडळाचा नियम होता की उत्तरपत्रिका अत्यंत गोपनीय, त्या विद्यार्थ्याला दाखवायच्या नाहीत आणि फेरतपासणीही नाही. विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. पण जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि मंडळाचा नियम कायम ठेवला. आता यातला ‘गोपनीय’ शब्द नीट वाचा. पेपर विद्यार्थ्यानं लिहिलेला, आणि गुपित ठेवायचं ते त्याच्यापासूनच!

हे बदलायला २७ वर्षं लागली. २००५ साली माहिती अधिकाराचा कायदा आला. ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे आणि विद्यार्थ्याला स्वतःची उत्तरपत्रिका बघता येईल. तपासनिसाचं नाव मात्र उघड करायचं नाही. पहिली बाजू अशी उशिरा का होईना, मिळाली.

दुसरी बाजू अजून कच्चीच आहे. २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. पण बारावीचा ऑनलाइन निकाल बघायला काय लागतं? बैठक क्रमांक आणि आईचं नाव. मुंबईतल्या अनोळखी माणसासाठी हे कुलूप ठीक आहे. गावात आईचं नाव कोणाला माहीत नसतं? आणि बैठक क्रमांक तर ओळीनं असतात, शेजारच्या बाकावरच्या मुलीचा नंबर एकनं पुढे. म्हणजे कुलूप आहे, पण किल्ली अख्ख्या गावाकडे.

यात काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. एका विषयात राहिलेल्या मुलीचा विचार करा. तिनं घरी कसं सांगायचं ते ठरवण्याआधीच बातमी घरी पोचते, सोबत “आता पुरे झालं शिक्षण” हा सल्लाही. पुरवणी परीक्षा तर पुढे असतेच, पण फॉर्म भरायची संधी तिला मिळेलच असं नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पालकांची संमती १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. त्यानंतर संमती द्यायची ती स्वतःची स्वतः. कॉलेजातली बहुतेक मुलं-मुली या वयातलीच. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर कॉलेजांना थांबून राहायची गरज नाही. फळ्यावरच्या यादीत नाव, जात आणि गुण एकत्र लावायचे नाहीत, मामा-काकांचा फोन आला तर “तिलाच विचारा” म्हणायचं, एवढं तर उद्यापासून जमेल. त्याला खर्चही नाही.