सी ड्राइव्ह कुठे गेला?

आजचा एपिसोड एका हरवलेल्या फाइलबद्दल आहे.

कॉलेजचं पहिलं वर्ष, प्रॅक्टिकलची परीक्षा. लॅबमधल्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. प्रोग्रॅम लिहिला, सेव्ह केला आणि पेन ड्राइव्हवर घ्यायला गेलो, तर सी ड्राइव्हच नाही! डी नाही, ‘माय कॉम्प्युटर’ पण नाही. शोधता शोधता वेळ संपली. फाइल तिथेच होती, पण मी रिकाम्या हाताने बाहेर आलो. घरी येताना डोक्यात एकच: आपल्याला कॉम्प्युटर येतच नाही.

पण चूक खरंच माझी होती का? त्यासाठी थोडं मागे जाऊया.

१९६९. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स बनवायला लागले. एकच मोठा कॉम्प्युटर आणि तो वापरणारे अनेक जण. म्हणून त्यांनी फाइल्स एकाच झाडासारख्या मांडल्या. वर एक मूळ, त्याचं नाव फक्त एक तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश. बाकी सगळं त्याच्या फांद्यांवर. नवी डिस्क जोडली तरी वेगळं झाड नाही, याच झाडाला आणखी एक फांदी. आणि प्रत्येक माणसाला स्वतःचं एक फोल्डर.

आता या १९८१ मध्ये. आयबीएमचा पीसी आला, सोबत मायक्रोसॉफ्टचं डॉस. हा घरच्या टेबलावरचा, एकट्याचा कॉम्प्युटर. फ्लॉपी १६० किलोबाइटची, तिच्यावर जास्तीत जास्त ६४ फाइल्स. इतक्याशा फाइल्सना फोल्डर कशाला? नव्हतेच! फक्त ड्राइव्हला अक्षरं, ए आणि बी. ही पद्धतही सीपी/एम नावाच्या आधीच्या सिस्टीमकडून आलेली.

१९८३ मध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला पीसी आला. ए आणि बी फ्लॉपीला दिलेले, म्हणून हार्ड डिस्कला मिळाला सी. फ्लॉपी कधीच गेली, पण सी तिथेच बसलाय! त्याच वर्षी डॉसने युनिक्सकडून फोल्डरची कल्पना घेतली. पण स्लॅश डॉसमध्ये आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेला होता, म्हणून फोल्डरसाठी उलटा स्लॅश घ्यावा लागला. विंडोजवर तो आजही दिसतो.

१९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केलं. त्याने वाट धरली युनिक्सची. म्हणून तिथे ड्राइव्हची अक्षरं नाहीत.

म्हणजे बघा, त्या दिवशी मी लॅबमध्ये ‘सी’ शोधत होतो, म्हणजे खरं तर फ्लॉपीच्या जमान्यातली एक सवय शोधत होतो. माझी फाइल माझ्या नावाच्या होम फोल्डरमध्ये निवांत पडली होती. पेन ड्राइव्हसुद्धा त्याच झाडावर होता, सहसा ‘मीडिया’ नावाच्या फांदीवर असतो तसा.

आणि गंमत ऐका. तुम्ही हे अँड्रॉइड फोनवर ऐकत असाल, तर त्याच्या पोटात लिनक्सच आहे. फोनमध्ये सी ड्राइव्ह कधी पाहिलाय? नाही ना? तरी तुमचं काही अडत नाही, कारण अ‍ॅप स्वतःच फाइल शोधून देतं. आयफोन तर २००७ मध्ये आला, पण त्यात ‘फाइल्स’ नावाचं अ‍ॅप यायला २०१७ उजाडलं. दहा वर्षं लोकांना फाइल कुठे आहे हे दिसलंच नाही. मग अशा फोनवर वाढलेली मुलं लॅबमध्ये अडकली, तर त्यांना ‘ढ’ कसं म्हणायचं?

तेव्हा पुढच्या वेळी अनोळखी कॉम्प्युटरसमोर बसलात, तर घाबरू नका. आधी होम फोल्डर उघडा. नाही सापडलं तर सर्चमध्ये फाइलचं नाव टाका. आणि सेव्ह करतानाच एकदा बघून ठेवा, फाइल चाललीय कुठे.

नवीन गावात पत्ता सापडला नाही, तर आपण स्वतःला अडाणी म्हणत नाही. सरळ कुणाला तरी विचारतो. इथेही तेच करायचं. मी त्या दिवशी शेजारच्याला विचारलं नाही, चूक असलीच तर तेवढीच.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!