जुने यंत्र, नवा रंग

लक्ष्मीपूजनाच्या रात्री बाजारपेठेतून सहज एक फेरी मारावी. पूर्वी प्रत्येक पेढीवर लाल बांधणीची चोपडी, तिच्यावर काढलेले स्वस्तिक आणि शेजारी सुपारी-खोबरे दिसत असे. आता पुष्कळ दुकानांत चोपडीच्या शेजारी लॅपटॉपही मांडलेला असतो आणि त्यालाही हळदकुंकू वाहिलेले असते. ह्यात वावगे काहीच नाही. खंडेनवमीला आपण तलवारीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना झेंडूची फुले वाहतोच. पण हाच लॅपटॉप सहासात वर्षांचा झाला, त्याच्या झाकणावर ओरखडे उठले, आणि एखाद्या कारागिराने तो घासूनपुसून, रंगवून पुन्हा विकायला ठेवला, की आपण चटकन साशंक होतो. ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ ही म्हण आपल्याला आठवते.

हा संशय रास्त आहे काय? मी कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर. यंत्रशास्त्रात माझी गती बेताचीच. परंतु जुन्या वस्तूंची कुळकथा शोधण्याची मला खोड आहे. त्या नादात असे ध्यानात आले की, जुन्या यंत्राला नवा रंग देण्याचा हा धंदा लॅपटॉपबरोबर जन्मलेला नाही. त्याची वंशावळ तीनशे वर्षांहून अधिक मागे जाते आणि तिची एक मुळी आपल्याकडच्या लाखेपर्यंत पोचते.

चीन आणि जपान ह्या देशांत एका झाडाच्या चिकापासून रोगण करीत. त्याचे थरावर थर चढवले, की लाकूड आरशासारखे चमके. सतराव्या शतकात अशा पेट्या युरोपात जाऊ लागल्या आणि तिकडच्या श्रीमंतांना त्यांचे वेड लागले. झाड मात्र तिकडे नव्हते. मग नक्कल सुरू झाली. १६८८ साली जॉन स्टॉकर आणि जॉर्ज पार्कर ह्या दोघा इंग्रजांनी ह्या नकलेच्या कृतींचे एक पुस्तकच छापले. त्या चिकाच्या जागी नकलाकारांनी जे पदार्थ वापरले, त्यांत एक प्रमुख म्हणजे हिंदुस्थानातून जाणारी लाख. आमच्या सावंतवाडीचे चितारी जिच्या बळावर लाकडी खेळण्यांना तकाकी आणीत आले, तीच ही लाख. साहेबाने मात्र ह्या हुन्नराचे नाव ‘जपानिंग’ ठेवले!

पुढे वेल्समधील पाँटिपूल येथे ऑलगुड घराण्याने कथलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्यावर असे रोगण भट्टीत भाजून पक्के करण्याची रीत बसवली. बर्मिंगहॅमला जॉन बास्करव्हिल नावाच्या गृहस्थाने ह्याच धंद्यात पैसा केला आणि तो पैसा अक्षरांचे खिळे पाडण्यात ओतला. त्याने १७५७ साली छापलेला व्हर्जिल आजही मुद्रणकलेचा नमुना मानला जातो. सुंदर अक्षरांच्या मुळाशी रंगवलेल्या तबकांची कमाई होती, हे आम्हा लेखकमंडळींनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

डांबरवर्गीय खनिज, जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन ह्यांपासून केलेला आणि भट्टीत भाजलेला काळा रंग एकोणिसाव्या शतकात यंत्रांच्या अंगावर चढला. गंजापासून रक्षण हा त्याचा पहिला गुण; पण तेवढ्यावर कारखानदारांचे भागेना. यंत्र घरात न्यायचे होते आणि लोखंडाचा ओबडधोबड सांगाडा दिवाणखान्यात कोण ठेवील? म्हणून शिवणयंत्राच्या काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी आली. १८७४ मध्ये अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने शोल्स आणि ग्लिडन ह्यांचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. ते तयार झाले कंपनीच्या शिवणयंत्रांच्या विभागात. साहजिकच त्याच्यावरही रंगीत फुले उमलली. काही यंत्रांना तर शिवणयंत्रासारखी पायटी होती. ती दाबली की कागदाचा गाडा मागे सरे. आजच्या लॅपटॉपवरील इंग्रजी अक्षरांची मांडणी ह्याच फुलाफुलांच्या यंत्रावरून उतरत आली आहे.

टंकलेखन यंत्र महाग, पण टिकाऊ. अर्थात लवकरच जुन्या यंत्रांचा वेगळा बाजार उभा राहिला. जुने यंत्र सुटे करायचे, तेलमळ धुऊन काढायचा, जुना रंग खरवडायचा, नवा चढवून भट्टीत भाजायचा, कळांच्या दांड्यांना निकेलचा मुलामा द्यायचा आणि कडक झालेला रबरी रूळ बदलायचा. ह्या सगळ्यातून निघालेल्या यंत्राला ‘पुन्हा बांधलेले’ असे म्हणत. ह्या शब्दात धंद्याचे सगळे इमान साठवले होते. यंत्राच्या सांगाड्यावर अनुक्रमांक कोरलेला असे आणि त्यावरून जाणत्याला त्याचे वय कळे. रंग कितीही नवा असो, आकडा खोटे बोलत नसे. मात्र लबाडाने तो आकडाच पुसला, की हुन्नर संपून फसवणूक सुरू होई.

आपल्याकडे १९५५ साली गोदरेजने पहिले भारतीय टंकलेखन यंत्र तयार केले आणि २००९ साली त्याचे उत्पादन थांबवले. तोवर लॅपटॉपने बस्तान बसवले होते.

लॅपटॉपच्या रंगाचीही एक कथा आहे. १९८२ सालचा ग्रिड कंपास मॅग्नेशियमच्या काळ्या कवचात आला आणि पुढे अवकाशयानातूनही फिरून आला. पण कचेऱ्यांतील संगणकांचा नेहमीचा रंग म्हणजे फिकट, मातकट पांढरा. जर्मनीतील मानके तर कचेरीच्या यंत्रांना फिकटच रंग असावा असा आग्रह धरीत. १९९२ मध्ये रिचर्ड सॅपर ह्या आरेखकाच्या कल्पनेतून आयबीएमचा थिंकपॅड काळाभोर निघाला. जपानी जेवणाच्या काळ्या डब्यावरून ती कल्पना सुचली होती. म्हणजे फिरून स्वारी जपानच्या दारात! १९९९ मध्ये ॲपलने निळ्या आणि नारिंगी रंगांचे आयबुक काढले. २००१ साली त्याच कंपनीने टायटेनियमचा पॉवरबुक आणला, तेव्हा त्याच्या कडांवरच्या रंगाचे पोपडे निघू लागले. कारखान्यातला रंग तेवढा अस्सल आणि कारागिराचा नकली, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

रंगाचा सर्वांत गोड उपयोग मात्र गरीब मुलांसाठी काढलेल्या ‘एक मूल, एक लॅपटॉप’ ह्या योजनेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्राच्या झाकणावर दोन अक्षरे होती. प्रत्येक अक्षराचे वीस रंग, म्हणजे एकूण ४०० जोड्या. हेतू एवढाच, की वर्गात प्रत्येक मुलाला आपापला लॅपटॉप ओळखता यावा. २००७ साली ही यंत्रे रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या एका धनगरवाड्याच्या चिमुकल्या शाळेत आली होती. मास्तर म्हणून मला वाटते, रंगाचे खरे काम तेच. ‘हे माझे आहे’ असे म्हणण्याचा आनंद त्यात आहे.

आता आजच्या कारागिराकडे वळू. १९४९ साली एडवर्ड सेमूर ह्या अमेरिकन गृहस्थाने फवाऱ्याच्या डब्यात रंग भरला, आणि भट्टी-पंपावाचून कोणालाही घरी रंगारी होता येऊ लागले. तरीही काम कौशल्याचे आहे. पुष्कळ लॅपटॉपांच्या अंगावर रबरासारखा मऊ लेप असतो. दमट हवेत काही वर्षांनी तो विरघळल्यासारखा चिकट होतो. आमच्या कोकणात तर लवकरच. तो आधी स्पिरिटने पुसून काढावा लागतो. ॲसिटोन वापरले तर खालचे प्लॅस्टिकच वितळते. मग पाण्याच्या पॉलिश कागदाने घासणे, अस्तराचा हात, रंगाचे तीनचार पातळ हात आणि शेवटी पारदर्शक लेप. प्रत्येक हात वाळेपर्यंत दम धरायचा. वारा जाण्याच्या जाळ्या आणि बिजागऱ्या चिकटपट्टीने झाकून घ्यायच्या. जाळी बुजली तर यंत्र तापून मरते.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी बोनसच्या पैशांतून तिच्यासाठी असाच एक जांभळा, झगझगीत लॅपटॉप आणला. महिन्याभरात बिजागरी निखळली. आत लांबी भरून वर रंग फासला होता आणि खालची क्रमांकाची पट्टी खरडून टाकली होती. मुलगी रडली नाही. बापाला वाईट वाटू नये म्हणून ती यंत्राचा पडदा दप्तरांच्या आधारे उभा करून अभ्यास करीत राहिली. अखेर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ते यंत्र दुरुस्त करून दिले. त्याचा धंदाही हाच. पण तो झाकण रंगवतो आणि तळ मुद्दाम तसाच ठेवतो. गिऱ्हाईक आले, की आधी यंत्र उलटे करून दाखवतो. “मास्तर, वरचा रंग हौसेचा, खालचा हिशेबाचा,” असे तो मला म्हणाला. टंकलेखन यंत्राच्या अनुक्रमांकाचा धर्म ह्या मुलाला कोणी शिकवला असेल?

अशा कारागिरांची गरज वाढतच जाणार. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विजेच्या उपकरणांचा कचरा झाला आणि त्यातील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुन्हा उपयोगात आल्याची नोंद आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत जुनी यंत्रे सुधारून विकणाऱ्यांनाही नोंदणी सांगितली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबवली, तेव्हा धडधाकट असलेली कितीतरी यंत्रे एका दिवसात म्हातारी ठरली. त्यांना लिनक्ससारखी दुसरी प्रणाली घालता येते, बॅटरी बदलता येते, आणि हवा असल्यास नवा रंगही देता येतो.

आपल्या आज्या दिवाळीआधी पितळी भांडी कल्हईवाल्याकडे देत. कल्हईने पातेले नवे होत नसे, आणि ते नवे झाले असा दावा कल्हईवालाही करीत नसे. पण त्यात पुन्हा आमटी शिजवता येई, ताक ठेवता येई. रंगवलेल्या लॅपटॉपाकडेही त्याच नजरेने पाहावे. विकत घेताना रंगाचे कौतुक मोकळ्या मनाने करावे. मात्र यंत्र उलटे करून तळाची पट्टी वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत. आणि विकणाऱ्याने आपल्या खात्याच्या खुणा नि घरचे फोटो पुसून, यंत्राचे खरे वय सांगून मगच ते दुसऱ्याच्या हाती द्यावे. असे यंत्र पाडव्याच्या दिवशी एखाद्या मुलाच्या पाटापुढे येऊन बसले, तर त्याची पूजा नव्या यंत्राइतकीच मनोभावे करायला माझी तरी काही हरकत नाही.