चर बुजवण्याची कुळकथा

उत्खननाचा हंगाम संपला की खणलेली जागा पुन्हा बुजवायची, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वेडेपणाच वाटतो. महिनोन्महिने माती तासत, ब्रशनं झाडत खाली जायचं आणि शेवटी तीच माती त्याच चरात लोटायची! पण या लोटण्यालाही घराणं आहे. त्याची भारतातली शाखा फुटली ती चेन्नईत, एग्मोरच्या संग्रहालयातल्या एका कपाटापाशी.

मूळ पुरुष शोधायचा तर इंग्लंडात जावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम कनिंग्टन यांनी स्टोनहेंजच्या एका आडव्या शिळेखाली खणलं आणि बुजवताना पुढच्या खणणाऱ्यासाठी पोर्ट वाइनची बाटली ठेवली. शंभराहून अधिक वर्षांनी, 1920 च्या सुमारास, ती विल्यम हॉले यांच्या हाती लागली. तोवर बूच कुजून गेलं होतं. पुढे जनरल पिट-रिव्हर्स यांनी या गमतीला शिस्त लावली. आपल्या जमिनीवरचे चर बुजवण्याआधी ते तळाशी स्वतःच्या नावाचं पदक ठेवत. नंतर कुणी तिथं खणलंच, तर इथली माती एकदा हललेली आहे हे त्याला कळावं. यात थोडी आत्मप्रौढी होती, पण आपल्यानंतरही कुणी येणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

पिट-रिव्हर्स यांची पद्धत मॉर्टिमर व्हीलर यांनी उचलली आणि 1944 मध्ये पुरातत्त्व खात्याचे महासंचालक म्हणून ते भारतात आले. आपल्याकडे तेव्हा टेकाड मोठाल्या पट्ट्यांत उघडत आणि वस्तूची नोंद थरानं नव्हे, खोलीच्या आकड्यानं करत. जुलै 1944 मध्ये मद्रासच्या संग्रहालयात व्हीलर यांना एका कपाटात भूमध्य समुद्राकडच्या दारूच्या रांजणाची मान आणि लांब कान सापडला. तुकडा आला होता पाँडिचेरीजवळच्या अरिकमेडूहून. 1945 मध्ये तक्षशिलेच्या आपल्या उत्खनन-शाळेत तयार केलेली मुलं घेऊन ते तिथं उतरले आणि पाणी पंपानं उपसत खाली गेले. इटलीतल्या आरेत्सोच्या लाल, चकचकीत भांड्यांचे तुकडे स्थानिक खापरांबरोबर एकाच थरात मिळाले, आणि दक्षिण भारताच्या कालगणनेला खुंटा मिळाला.

हे जमलं चौकोनांमुळे. टेकाडावर दोऱ्या ताणून चौकोन आखायचे आणि दोन चौकोनांमध्ये मातीचा बांध न खणता उभा ठेवायचा. त्या बांधाच्या उभ्या भिंतीत थर वाचता येतात. हंगामाचा शेवटचा आठवडा या भिंतींचाच असतो: तासून गुळगुळीत करायच्या, पाणी शिंपडून रंग उठवायचा, प्रत्येक थराला खिळ्यानं चिठ्ठी टोचायची, आलेखाच्या कागदावर चित्र उतरवायचं, मोजपट्टी ठेवून फोटो घ्यायचा. कंटाळवाणं काम, पण उन्हानं भेगा पडायच्या आत उरकावं लागतं. मग खिळे उपटायचे आणि माती लोटायला घ्यायची.

व्हीलर यांची निष्कर्षाची घाई मला कधी पटली नाही. अरिकमेडूला त्यांनी रोमन व्यापाराचं ठाणं ठरवून टाकलं. 1989 ते 1992 मध्ये विमला बेगली यांनी तिथं पुन्हा काम केलं, तेव्हा वस्ती त्या व्यापाराच्या आधीची निघाली. टेकाड पुरतं खणून संपवलं असतं तर ही दुरुस्ती करायची कशावर?

महाराष्ट्रात ही रीत आली ती हसमुख सांकळिया यांच्या हातून. ते इंग्लंडातल्या मेडन कॅसलच्या उत्खननात व्हीलर यांच्या हाताखाली राबून आले होते. त्यांच्या डेक्कन कॉलेजनं पुढे प्रवरेकाठी नेवाशाला लाडमोडच्या टेकाडावर आणि घोडनदीकाठी इनामगावला खणलं. आपल्याकडच्या अशा टेकाडांना शेतकरी पांढर म्हणतात आणि तिथली राखेरी माती गाड्या भरभरून शेतात टाकतात. चर उघडा राहिला तर पाऊस भिंती ढासळवतोच, शिवाय माती नेणाऱ्यांना आयती वाटही मिळते.

आपला हंगाम मृगाच्या आत आवरायचा असतो. तमिळनाडूत पाऊस मुख्यतः ऑक्टोबरपासून, म्हणून चेन्नईहून कारभार चालणाऱ्या राज्य पुरातत्त्व खात्याची कामं कीळडीसारख्या ठिकाणी सप्टेंबरपर्यंत चालतात. पदकाची जागा आता जाड प्लास्टिकनं घेतली आहे: तळावर आणि भिंतींना ते लावायचं, वर माती टाकायची. पुढच्याला प्लास्टिक लागलं की त्याला कळतं, जुनं काम इथवर आलं होतं.

कीळडीची जमीन बरीचशी खासगी नारळीच्या बागांची. अशा ठिकाणी खणताना वरची कसदार माती वेगळी रचावी लागते आणि बुजवताना ती शेवटी पसरावी लागते. शिवाय एकदा उकरलेली माती फुगते. चर काठोकाठ भरूनही ढीग उरतो. तो वरच उंचवट्यासारखा ठेवतात, कारण दोन पावसांत माती बसते. मालकाला हे समजावता समजावता मुकादमाची शेवटची संध्याकाळ जाते.